बाने दिलेली झोप

माझ्या झोपेसाठी एकेकाळी आख्खी वाडी वहाणा हातात घेऊन आमच्या दारावरून जात असे, हे सांगितले की माझी नातवंडे हसतात. त्यांना वाटते, आजी रंगवून सांगते. पण हे खरे आहे. आमची वाडी मोताळ्यापासून कोसभर अलीकडे, नाल्याच्या काठाला. पाचसहा घरे, सगळी माळव्यावाल्यांची. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मिरची पिकवायची आणि बाजाराच्या दिवशी पहाटे मोताळ्याला हर्रासात, म्हणजे लिलावात, नेऊन विकायची. घरात बा, माय, शांतावहिनी आणि मी. माझा थोरला भाऊ मलकापूरला सरकी-कापसाच्या जिनात कामाला होता, तो आठवड्याने घरी यायचा. आमच्या वाडीत दहावीच्या पुढे गेलेले माणूस नव्हते. मी गेले. तेव्हा अकरावीला मॅट्रिक म्हणत. राज्य नवीन होते. शाळेतल्या भिंतीवरचा नकाशा मात्र जुनाच होता, आणि हेडमास्तरांनी त्यावर लाल शाईने नवी सीमा काढली होती. ती बुलढाण्यापाशी जरा जाड झाली होती. मला उगाच वाटायचे, की आपला जिल्हा त्यांनी मुद्दाम ठळक केला आहे.

मी दहावी चांगल्या गुणांनी पास झाले, तेव्हा बा पहिल्यांदा शाळेत आला. डोक्यावरचे पागोटे काढून हातात घेतले आणि हेडमास्तरांना म्हणाला, "गुर्जी, पोरगी मॅट्रिकात गेली. आमी तं अंगठेबहाद्दर. तिच्यासाठी आमी काय कराव, तेवढं सांगा." हेडमास्तर शहरातले, मऊ बोलणारे. ते म्हणाले, "घरात थोडी शांतता आणि पुरेशी झोप. एवढं दिलंत तरी खूप झालं." पुरेशी म्हणजे किती, हे बाने विचारले नाही. ते त्याने घरी येऊन बैलांवरून ठरवले. कामाचा बैल बसला असला तर त्याला पराणी लावू नये, तो आपल्या मनाने उठेल तेव्हाच गडी ताजा, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव होता. संध्याकाळी जेवताना त्याने हुकूम सोडला.

"आजपासून कौशीले कोनी उठवाचं नाई. ते आपल्या मनानं उठन तवाच उठन."

माय म्हणाली, "अन् सडा-सारवन?"

"तू कर न."

"अन् दळन?"

"सूनबाई करन. डोक्याचं काम हाय बापा तिचं. डोकं थकलं तं त्याले काय तेल लावून चालते?"

कौशी म्हणजे मी, कौसल्या. मला फार आनंद झाला, हे लपवत नाही. जन्मापासून मी पहाटे चारला उठत होते. जात्याच्या एका अंगाला वहिनी, दुसऱ्या अंगाला मी. दळता दळता मी शाळेतले पाठ घोकायची. ते सुटले. दिवेलागणीला भाकर खाऊन मी घटकाभर पुस्तक घेऊन बसे, आणि मग गोधडीत शिरे ती थेट ऊन खाटेवर आले की बाहेर निघे. शाळा अकराची होती.

बा अर्धवट काम करणारा माणूस नव्हता. त्याने बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून खुंटीला टांगल्या. मोट आमच्या घराच्या मागेच होती. मोटेवर बैलांशी मोठ्याने बोलायची त्याची सवय. आता तो धावेवरून खाली जाऊन बैलाच्या कानात काहीतरी पुटपुटे. बैल बिचारे मान वळवून त्याच्याकडे पाहत, धन्याला काय झाले म्हणून. जाते उचलून गोठ्यात नेले आणि आवाज दबावा म्हणून त्याखाली गोणपाट घातले. मायने पितळी भांडी सोडून मातीची वापरायला काढली. शेजारच्या सीतारामकाकाचा कोंबडा तेवढा राहिला होता. बा त्याच्याकडे गेला, तो संवाद मी खाटेवरून ऐकला आहे.

"सीताराम, तुह्या कोंबड्याले सांग न लेका जरा."

"कोंबड्याले काय सांगू बे? त्याले का मॅट्रिक समजते?"

"मंग झाकून ठेव."

"अन् वाडी कशी उठन?"

"वाडी उठते आपल्या पोटानं. पोरीचं वरीस हाय सीताराम."

सीतारामकाका विरघळला. कोंबड्यावर रात्री डालं आणि डाल्यावर गोणपाट पडू लागले. त्या कोंबड्याचा हिशेब इतका बिघडला, की तो भर दुपारी बारा वाजता आरवायचा आणि सगळी वाडी हसायची. पहाटे विहिरीवर जाणाऱ्या बायका आमच्या दारापाशी आल्या की वहाणा हातात घेत. "मॅट्रिकवाली झोपली हाय," असे एकमेकींना खुणेने सांगत. वाडीतले हे पहिलेच मॅट्रिक, त्यामुळे ते थोडे थोडे सगळ्यांचेच होते.

पहिला आठवडा सुखाचा गेला. नंतर काय झाले ते मला त्या वेळी समजत नव्हते. बारा तास झोपून मी उठे, आणि डोके ओल्या गोणपाटासारखे जड असे. डोळे उघडत, पण मी उघडत नसे. खाटेच्या काठावर पाय सोडून बसले की मायने दिलेला गुळाचा चहा हातात निवून जाई. भाकर आणि ठेचा, जो एरवी मी दोन भाकरींसोबत संपवायची, त्याचा तिखटपणासुद्धा जिभेला लागत नसे. शाळेची वाट कोसभराची. पूर्वी ती मी गाणी म्हणत जायची, आता प्रत्येक बाभळीखाली बसावेसे वाटे. वर्गात दुपारी फळ्यावरची अक्षरे मुंग्यांसारखी चालू लागत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मी चिडकी झाले. उगाच रडू येई. मायने विचारले, "काय झालं वो बाई?" तर त्याचाच राग येई. माझी मावशी संग्रामपूरकडे दिली होती. तिकडचे विहिरीचे पाणी खारट. लहानपणी तिच्याकडे गेले की मी तांब्यावर तांब्या प्यायची आणि तहान तशीच राही. ही झोप तशी होती. जेवढी घ्यावी तेवढी आणखी हवी.

आमच्या घराचे प्रेम असे, की त्यावर उपायही झोपेचाच निघाला. पोर कोमेजली म्हणजे तिची झोप कमी पडते, असे बाचे मत. मग रविवारी दुपारीही मला निजवत. मायने मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणून नजर लागल्याचे नक्की झाले. कोणाची, यावर दोन दिवस चर्चा चालली. शेवटी ती सीतारामकाकाच्या कोंबड्याची ठरली.

मग सहामाहीचा निकाल लागला. मी गणितात नापास. नुसती नापास नाही, शंभरात अठरा. हेडमास्तरच आम्हाला बीजगणित शिकवत. त्यांनी मला खोलीत बोलावले आणि माझा पेपर पुढे ठेवला. "कौसल्या, गेल्या वर्षी हीच गणितं तू फळ्यावर सोडवून दाखवलीस. काय झालं?" मी पेपरावरच्या अठराकडे पाहत राहिले. ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात चाचणी आहे. त्यात पास झालीस तरच बोर्डाचा फॉर्म भरता येईल. नाहीतर मला फॉर्म अडवावा लागेल. नाइलाज आहे." फॉर्म अडला म्हणजे वर्ष गेले. आणि आमच्या घरात मुलीला दुसरे वर्ष मिळाले असते, असे मला वाटत नाही. बाने दिले असते. पण भाऊबंदांनी, आत्या-मावश्यांनी ते मिळू दिले नसते. मी घरी येऊन एवढेच सांगितले, की गणित अवघड आहे. बा म्हणाला, "झोप. सकाळी डोकं हलकं होईन."

बाजाराच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. वहिनीच्या हातून वापरात उरलेला एकच पितळी तांब्या निसटला आणि न्हाणीच्या फरशीवर वाजला. मी गोधडीतून ओरडले, "वहिनी, सकाळी सकाळी भांडे काऊन आपटून राह्यल्या?"

शांतावहिनी माझ्याहून चारच वर्षांनी मोठी. कधी उलट न बोलणारी. त्या दिवशी ओल्या हातानेच दारात येऊन उभी राहिली.

"सकाळ? बाई, दिवस कासराभर वर आला. हे सकाळ तुमची. माही तं दुपार होऊन राह्यली."

"मले झोप लागते. बानं सांगतलं हाय."

"हाव, मामंजीनं सांगतलं. अन् मामंजी काय करतात ते बी आयकून घ्या. तुमची झोप मोडू नाई म्हनून गाडी नाल्याच्या पलीकडं उभी करतात. सारे टोपले डोक्यावर नेतात तेथवर. या वयात. धा खेपा होतात त्याईच्या. दोन बाजार झाले, हर्रास सुटल्यावर पोचले. कालची मेथी बकऱ्याईले घातली. पोरीले सांगू नोका म्हणे." आणि मग तिचाच चेहरा पडला. "सांगतलं बापा मी."

मी उठले आणि तशीच नाल्यावर गेले. गाडीची चाकोरी खरेच पलीकडच्या काठाशी संपत होती. अलीकडे, आमच्या दारापर्यंत, फक्त पावले होती. अनवाणी, ओझ्याने टाच खोल रुतलेली, जाणारी आणि येणारी. आज इतक्या वर्षांनी मला त्या चाचणीतला एकही प्रश्न नीट आठवत नाही, पण त्या टाचा आठवतात.

त्या संध्याकाळी मी म्हटले, "बा, मले पहाटे उठवत जाय न."

बाचा हात ताटातच थांबला. "काऊन? कोनी काई म्हटलं तुले?" आणि त्याने चुलीकडे पाहिले. चुलीपाशी वहिनी होती.

"नाई, कोनी नाई."

"मंग झोप सुखानं. मी हाये न."

पुढे बोलले असते तर वहिनीवर आले असते. शिवाय त्याच्या तोंडावरचा तो आनंद. पोरीला आपण काहीतरी दिले, याचा. तो मला मोडवेना. दुसऱ्या दिवशी गोठ्यात जाऊन मी वहिनीलाच गाठले. "तुमीच उठवा मले. गुपचूप."

"मामंजीले कळलं तं?"

"मी सांगीन, आपल्या मनानं उठली."

"लबाडी?"

मग आम्ही अशी युक्ती काढली की लबाडीही होऊ नये आणि हाकही मारावी लागू नये. माझी खाट गोठ्याच्या भिंतीला लागून होती आणि भिंतीत हवेसाठी एक भोक होते. एक सुतळी माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधली, भोकातून पलीकडे नेली आणि जात्याच्या खुंट्याला अडकवली. वहिनीने दळायला पहिला फेर घेतला, की माझा अंगठा ओढला जाई. पहिल्या दिवशी मी झोपेत अशी लाथ मारली, की वहिनीला वाटले वासरूच सुटले. दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात आले आणि जात्यावर डोके टेकून पुन्हा झोपले. माझ्या केसांत ज्वारीचे पीठ. ते तीनचार दिवस फार वाईट गेले, हे मुद्दाम लिहिते. एका पहाटेत माणूस बदलतो असे लोक सांगतात, तसे काही झाले नाही. अंग दुखले, दुपारी डुलक्या आल्या, वहिनीला मी दोनदा नको ते बोलले. पण पाचव्या की सहाव्या दिवशी, बाहेर अजून तांबडेही फुटले नव्हते, आणि मी कशावर तरी खळखळून हसले. वहिनीने चटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. तो पिठाचा होता, म्हणून मी आणखी हसले. आपण हसलो, हे लक्षात आल्यावर मला आठवले, की कित्येक महिन्यांत आपण हसलो नव्हतो.

जात्यावर मी हळू आवाजात बीजगणित म्हणायची. वहिनीला अक्षरओळख नव्हती, पण सूर लागल्याशिवाय तिचा हात चालत नसे. ती म्हणाली, "हे तुमचं नुसतं बोलनं, यानं जातं फिरत नाई. वळवा याले." आणि तिने स्वतःच वळवले.

"पयली माही ओवी, अ चा वर्ग पाटावर,
दोन अ ब मधात, ब चा वर्ग काठावर."

ते मधले "दोन अ ब" सहामाहीत मी प्रत्येक गणितात विसरले होते. वहिनी दटावायची, "मधातल्याले इसरू नोका बाई. जत्रंत मधातलंच लेकरू हरवते." तिला त्याचा अर्थ माहीत नव्हता, पण माझ्या डोक्यात तो तिनेच बसवला. पुढे मी स्वतः चाळीसेक वर्षे शाळेत शिकवले. बीजगणिताची याहून चांगली शिकवण मला कुठल्या प्रशिक्षणात मिळाली नाही.

बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी गोठ्यात चिमणीच्या उजेडात मेथीच्या आणि सांबाराच्या जुड्या बांधायचो. बा टोपली न्यायला येण्याआधी मी पळत जाऊन गोधडीत शिरे. तो जुड्यांचा ढीग पाहून थक्क व्हायचा. "सूनबाई, दोन हातानं एवढं काम?" वहिनी पदर तोंडात धरून म्हणायची, "लवकर उठलं का होते, मामंजी." मग तो खोलीच्या दारात येऊन, माझ्याकडे एकदा पाहून, चवड्यांवर निघून जाई. मी श्वास रोखून पडलेली असे. हसू यायचे आणि लगेच ओसरायचे. कारण टोपली अजून डोक्यावरूनच नाल्यापलीकडे जात होती. मी मनाशी ठरवले होते, चाचणी होऊ दे, मग सांगायचे.

चाचणी झाली. निकालाच्या दिवशी हेडमास्तरांनी फॉर्म अडवलेल्या मुलांना एकेक करून खोलीत बोलावले. मी आत गेले तर बा आधीच तिथे उभा, पायाशी वांग्यांचे टोपले. आज चाचणीचा निकाल आहे, एवढे मी घरी सांगितले होते; तो कळायच्या आधीच बा पोचला होता. हेडमास्तर म्हणाले, "एकसष्ट. फॉर्म भरू आपण." बाचे डोळे भरून आले होते. त्याने टोपले पुढे सरकवले.

"गुर्जी, तुमच्या बोलाचा गुण आला. तुमी सांगतलं तसंच केलं. पोरीले झोपू देलं."

"फार चांगलं केलंत. किती वाजता उठते?"

"आमच्याकडं घड्याळ नाई जी. पन दिवस कासराभर वर आला का उठते."

"आणि झोपते?"

"दिवा लागला, जेवली, का मंग जराशानं."

हेडमास्तर बोटांवर मोजू लागले आणि मध्येच थांबले. "अहो, हे बारा तास होतात! मी तापानं फणफणलो तरी एवढा झोपत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कौसल्या, मग हा पेपर सोडवला कोणी?"

मला लपवता आले नाही. सुतळी, अंगठा, जाते, जुड्या, सगळे सांगितले. सहामाहीच्या वेळी डोके कसे असायचे, तेही. हेडमास्तर आधी हसले, पण बाचा चेहरा पाहून त्यांनी हसू आवरले. मग हळूच म्हणाले, "मेथीला पाणी किती देता हो?"

"लागते तेवढं."

"आणि त्याहून जास्त दिलं तर?"

"पिवळी पडते. मुळ्या सडतात." आणि बा खाली पाहू लागला.

परतीच्या वाटेवर तो झपाझप पुढे चालत राहिला. मी मागून चालत होते. वाटले, आपण याचे केवढे मोठे काहीतरी फोडले. नाला जवळ आल्यावर तो दगडावर बसला.

"माह्या बापानं मले सहा वर्साचा असतानी मोटेवर बसवलं. तवापासून पोटभर जेवलो बी असंल, पन पोटभर झोपलो नाई. मले वाटलं, पोरीले शिकवनारे गुर्जी हायेत, शाळा सरकारची हाय. आपून काय द्याव? माह्यापाशी देन्याजोगं दुसरं काईच नोतं कौशे. जे मले कधी भेटलं नाई तेच मोठं वाटलं."

मी त्याच्या शेजारी बसले आणि म्हटले, "बा, मंग तू झोपून पाह्य न एक दिवस. कोनी नाई उठवनार."

तो नाही म्हणत होता, पण हे घरात कळल्यावर माय हटून बसली. भाऊ आठवड्याच्या सुट्टीवर आला होता. तो म्हणाला मोट मी धरतो. त्या सकाळी आम्ही सगळे बाच्या दारावरून चवड्यांवर चाललो. पहाटे चारला त्याची खाट करकरली. माय आतून म्हणाली, "पडून राहा, उठसान तं पाह्यजा!" थोड्या वेळाने पुन्हा करकरली. मग त्याला खरेच झोप लागली, आणि लागली ती लागलीच. सीतारामकाका दोनदा डोकावून गेला, आजारी तर नाही म्हणून.

दिवस कासराभर काय, चांगला डोक्यावर येऊ लागला तेव्हा बा बाहेर आला. डोळे सुजलेले, पागोटे वाकडे. खाटेच्या काठावर पाय सोडून बसला आणि पायांकडे पाहत राहिला. वहिनीने चहा दिला. तो म्हणाला, "गूळ टाकला का नाई?" टाकला होता, दुप्पट. भाकर पुढे सरकवली तर तोंड फिरवले. गोठ्यात गेला आणि कधी शिवी न देणारा माणूस बैलावर खेकसला. परत येऊन बसला आणि विचारले, "आज वार कोनता?" माय पदरात तोंड घालून हसत होती, वहिनीने चुलीकडे पाठ केली होती. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्याने दोन्ही हातांनी डोके दाबून धरले होते.

"कौशे," तो म्हणाला, "हे डोकं माहं नाई. कोनी गोटा भरला यात. असंच होत होतं तुले?"

"हाव."

"रोज?"

"रोज."

"अन् तू सहा महिने हे भोगलं? काऊन नाई बोलली वो बाई?"

"तू देलं होतं न बा," मी म्हटले.

त्याने डोक्यावरचे हात काढले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि वहिनीला म्हणाला, "सूनबाई, आनखी एक चहा टाक. कडक."